मैलामैलाची काटकसर

काटकसर म्हटली की आपल्याला स्वयंपाकघर आणि महिन्याच्या जमाखर्चाची वही आठवते. परंतु हल्ली बड्याबड्या कंपन्यांनाही ती शिकावी लागते, आणि त्यांची शिकवणी घेतो संगणक! मराठीच्या प्राध्यापकाने या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की, या हकिकतीत यंत्राइतकाच माणसाचा स्वभावही दिसतो.

अमेरिकेतील यूपीएस ही घरोघर पार्सले पोहोचविणारी कंपनी १९०७ साली सिअ‍ॅटल येथे स्थापन झाली. तिच्या एकेका चालकाला दिवसात शंभरावर ठिकाणे गाठावी लागतात. आता गणित पाहा. दहाच घरे असली, तरी ती घेण्याचे क्रम होतात ३६,२८,८००! वीस घरे धरली, तर उत्तर १९ अंकी येते. माणसाने डोके चालवावे तरी किती? म्हणून कंपनीने 'ओरायन' नावाची संगणकप्रणाली बसविली. लोकमान्यांच्या १८९३ च्या ग्रंथामुळे हे नाव आपल्याला परके नाही. २०१६ पर्यंत ती अमेरिकेभर लागू झाली.

तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. साहजिकच डावीकडे वळायचे, तर समोरची रहदारी सरेपर्यंत इंजिन फुकट धडधडत राहते. म्हणून डावे वळण शक्यतो टाळायचे, हा या कंपनीचा जुनाच परिपाठ. त्यात ओरायनची भर पडल्याने वर्षाला सुमारे १० कोटी मैल आणि १ कोटी गॅलन इंधन वाचते, असा कंपनीचा हिशेब आहे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहेच. वाफेची इंजिने काटकसरी झाली, तसा कोळसा कमी न लागता उलट अधिकच लागू लागला, हे विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखविले होते. संगणकही उपाशी राबत नाही. २०२४ साली जगातील सुमारे दीड टक्का वीज माहितीकेंद्रांनीच खाल्ली. २०२२ साली ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. त्यातला पाव हिस्साही रीतसर पुनर्वापराला गेला नाही.

तात्पर्य, जवळची वाट संगणक दाखवील. फेऱ्या किती घालायच्या, हे मात्र गिऱ्हाईकच ठरविते. तेव्हा या दिवाळीत घरबसल्या खरेदी करताना 'आजच्या आज हवे' हा हट्ट जरा आवरू या. दोन दिवस थांबलो, तर चार वस्तू एकाच फेरीत येतील, आणि फराळाची गोडी तिळमात्र कमी होणार नाही!