बहात्तरपासूनचे हिंगोलीचे पाऊसपाणी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या आपत्तींची सरकारी नोंद त्यामुळे परभणीच्या खाती आहे. गावागावांतली नोंद वेगळ्या पद्धतीने राहिली आहे, आणि तिचा पहिला ठळक टप्पा म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. जुन्या माणसांची वये आणि लग्ने आजही ‘बहात्तरच्या आधी की नंतर’ अशी सांगितली जातात. खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांची माती, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी हा त्या आठवणींचा ऐवज. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला.

२०१२ नंतरच्या टंचाईची तुलना बहात्तरशी होते, ती नेमक्या एका फरकासाठी. तेव्हा घरात दाणा नव्हता, पण विहिरीला थोडेफार पाणी होते. या वेळी रेशनवर धान्य मिळे, पण बोअर कोरडे पडत. मधल्या चाळीस वर्षांत भूजल किती खोल गेले, हे या तुलनेतून आपसूक कळते.

पाऊस न येण्याच्या या आठवणींशेजारी नको तेव्हा येणाऱ्या पावसाच्या आठवणी जमू लागल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यात गहू, हरभरा, ज्वारी झोपवली. वसमत भागात असा पाऊस विशेष जिव्हारी लागतो, कारण हळद काढून, शिजवून उघड्यावर वाळत घालण्याचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू असतो. भिजलेल्या हळकुंडाचा रंग उतरतो, बुरशी धरते आणि मोंढ्यात भाव पडतो. नऊ महिने सांभाळलेले पीक ताडपत्री वेळेवर न मिळाल्याने मातीमोल होते. सोयाबीनची गत परतीच्या पावसात तशीच: सुडी भिजली की शेंगेतच कोंब फुटतात.

अलीकडच्या आठवणी पुराच्या आहेत. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात रात्रीतून पाणी शिरले. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीच्या अतिवृष्टीत कयाधू पात्राबाहेर आली. ही नदी वाशिम जिल्ह्यातून येऊन सेनगाव, हिंगोली, कळमनुरी ओलांडत पैनगंगेला मिळते. त्यात पैनगंगेवरील इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या पैनगंगाकाठच्या शिवारांवर दुहेरी संकट येते. पिकाचे नुकसान एका हंगामाचे; खरडून गेलेल्या जमिनीची भरपाई मात्र गाळ टाकूनही अनेक वर्षे होत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने जाहीर केलेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीचा वेगळा विचार झाला, तो यामुळेच.

मदतीच्या वादात गावाची आठवण आणि सरकारी आकडा यांची गाठ पडते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी मानतात. पण एका मंडळात अनेक गावे येतात आणि ढग एखाद्याच शिवारावर फुटतो. यंत्रावर साधा पाऊस आणि शेतात कमरेएवढे पाणी, ही तक्रार त्यातून येते. अशा वेळी पंचनाम्यात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी जागेवर पाहिलेले नुकसानच शेतकऱ्याचा खरा पुरावा ठरतो. महावेध प्रकल्पातून मंडळस्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे आली. गावस्तरावरील मोजणीची मागणी त्यानंतरही कायम आहे.