मधुमेह आणि रक्तातील तांबड्या पेशी

मधुमेह म्हणजे लघवीत साखर, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. ही साखर रक्तात काय करते, ते आपण समजून घेऊ या.

तांबडी पेशी मधोमध दबलेल्या चकतीसारखी असते. एका मिलिमीटरात अशा सुमारे १३० पेशी ओळीने बसतील. सर्वांत बारीक रक्तवाहिन्या तर याहूनही अरुंद. पेशीचे आवरण लवचीक असते, म्हणून ती अंग मुडपून त्यांतून जाते व प्राणवायू पोचवते.

रक्तात साखर सतत जास्त राहिली की ती आवरणातील प्रथिनांना चिकटते. आवरण ताठर होते, पेशी एकमेकींना चिकटू लागतात आणि बारीक वाहिन्यांत रक्त मंदावते. डोळे, मूत्रपिंडे व पाय यांना होणाऱ्या इजेचे हे एक कारण आहे.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिच्यातील रक्तद्रव्यालाही साखर चिकटते व तशीच राहते. म्हणून 'एचबीएवनसी' तपासणीत मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. आदल्या दिवशी गोड टाळून तो बदलत नाही. मात्र अंगात रक्त कमी असल्यास डॉक्टरांना सांगावे, कारण आकडा फसवा येऊ शकतो.

मधुमेही शेतकरी बंधुभगिनींना आम्ही एवढेच सांगू: औषध मनाने बंद करू नका, तंबाखू सोडा, अनवाणी शेतात जाऊ नका. बधिर पायाला रुतलेला काटाही कळत नाही. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून तळवे पाहा. लहानशी जखम दिसली तरी दवाखाना गाठा. नव्या पेशी रोज तयार होतात. साखर आटोक्यात ठेवली, तर त्यांचे आवरण पुष्कळ काळ लवचीक राहते.