ड्रोन घरीच ठेव रे, आज मॅच आहे!

मॅचचं तिकीट मिळालं नाही, पण कपाटात ड्रोन पडून आहे? मग गच्चीवर धावण्याआधी हे वाचाच. स्टेडियमच्या वरचं आकाश वाटतं तेवढं मोकळं नसतं...

गोष्ट माझ्या एका मित्राची. आयटीत आहे, कमावता आहे आणि गॅजेट्सचा जाम शौकीन. चुलतभाऊ दुबईहून आला तेव्हा त्याच्याकडून यानं एक छोटासा ड्रोन मागवला. मग एका शनिवारी वानखेडेवर मॅच होती आणि तिकिटं कधीच सोल्ड आउट झाली होती. पण साहेबांची आत्या राहते मरीन लाइन्सला! सातवा मजला आणि वर ऐसपैस गच्ची. प्लॅन तयार झाला... फ्लडलाइट लागले की ड्रोन वर सोडायचा, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकून सगळ्यांना जळवायचं.

बॅटरी चार्जिंगला लावली तेवढ्यात आत्या चहा घेऊन आल्या. ‘काय रे हे? खाली नोटीस बोर्डावर पोलिसांचा कागद लावलाय, वाचला नाहीस का?’ भाचा हसला. ‘अगं आत्या, अडीचशे ग्रॅमचं खेळणं आहे हे. याला लायसन्स लागत नाही.’

लायसन्सचं त्याचं म्हणणं बरोबर होतं. बाकी सगळं चुकलं होतं!

नियमांचा फण्डा काय?

आपल्याकडे ऑगस्ट 2021पासून ‘ड्रोन नियम 2021’ लागू आहेत. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हणतात आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण वजन कितीही असलं तरी आकाश तेच. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर या आकाशाचे तीन रंग आहेत : हिरवा, पिवळा आणि लाल. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नो एन्ट्री.

गंमत म्हणजे हे रंग कायमचे नसतात. गरज पडली तर राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल झोन म्हणून जाहीर करू शकतात. म्हणजे मागच्या रविवारी जिथे बिनधास्त उडवला, तिथेच या रविवारी गुन्हा ठरू शकतो. म्हणूनच प्रत्येक उड्डाणाआधी नकाशा बघणं नियमानं बंधनकारक आहे.

शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून वगैरेंवर बंदीचे आदेश काढतात. पूर्वी ते कलम 144खाली निघायचे, जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163खाली निघतात. आत्यांच्या बोर्डावर लागलेला कागद तोच होता. आणि दुबईचं म्हणाल, तर फेब्रुवारी 2022पासून संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा सोडून परदेशी ड्रोन आयात करायलाच बंदी आहे. म्हणजे आपला हीरो उडवण्याआधीच आउट!

एवढी भीती कशाची?

‘एवढंसं यंत्र, त्याला कोण घाबरतं?’ हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तरं मैदानावरच सापडली.

22 डिसेंबर 2015. इटलीतल्या मादोना दी कॅम्पिलिओमध्ये रात्रीची स्कीइंग स्पर्धा. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतारावरून सुसाट खाली येतोय आणि त्याच्या अगदी मागे धाडकन कोसळतो कॅमेऱ्याचा ड्रोन! क्षणभर आधी पडला असता तर... हिर्शर दुसरा आला, पण चर्चा झाली ती ड्रोनचीच. विशेष म्हणजे तो कुणा हौशी पोराचा नव्हता, प्रक्षेपणासाठीचाच होता. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं लगेच आपल्या शर्यतींमध्ये ड्रोनवर बंदी घातली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला यूएस ओपनमध्ये फ्लाविया पेनेटाची मॅच चालू असताना एक ड्रोन भिरभिरत येऊन रिकाम्या खुर्च्यांवर आदळला. क्षणभर बॉम्बचीच शंका आली, असं तिनं नंतर सांगितलं. तो उडवणारा एक शिक्षक निघाला आणि त्याला अटक झाली. (पेनेटानं त्या वर्षीचं विजेतेपदही मारलं, ते वेगळं!)

आणि बेलग्रेड, 14 ऑक्टोबर 2014. सर्बिया-अल्बानिया फुटबॉल सामन्यात एक ड्रोन राजकीय झेंडा लटकवून मैदानावर आला. सर्बियाच्या खेळाडूनं झेंडा खाली खेचला आणि मग मारामारी, प्रेक्षक मैदानात, सामना बंद! शेवटी 2015मध्ये क्रीडा लवादानं अल्बानियाला 3-0 असा विजय दिला.

म्हणजे प्रश्न फक्त डोक्यावर पडण्याचा नाही. हजारोंच्या गर्दीत नुसती ‘काहीतरी आहे’ अशी कुजबुज झाली, तरी चेंगराचेंगरी व्हायला ती पुरेशी असते.

साडेपाच किलोमीटर कशाला?

अमेरिकेत 30 हजार किंवा जास्त क्षमतेच्या स्टेडियममध्ये मोठ्या लीगचा सामना असला, की भोवतीच्या तीन नॉटिकल मैलांत, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरमध्ये, उड्डाण बंद. सामन्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत. मूळ नियम 2001च्या हल्ल्यांनंतर विमानांसाठी आला, आता तो ड्रोनलाही लागू आहे. हेच वर्तुळ वानखेडेभोवती काढलं, तर कुलाब्याच्या टोकापासून हाजीअलीपर्यंतचं आकाश त्यात येईल!

जास्त वाटतं? साधा हिशेब करा. ड्रोन सेकंदाला 15 मीटर वेगानं आला, तर साडेपाच किलोमीटर यायला त्याला फक्त सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात तो रडारवर किंवा रेडिओ सिग्नलवरून हेरायचा, मित्र की शत्रू ते ठरवायचं आणि थांबवायचा. सिग्नल जॅम केला तर तो प्रेक्षकांवरच कोसळू शकतो. म्हणून तो दूर असतानाच अडवावा लागतो. 2022च्या कतार फुटबॉल वर्ल्ड कपसाठी तर जाळं टाकून दुसऱ्या ड्रोनला पकडणारे ड्रोन आणले होते.

मग टीव्हीवर दिसतो तो?

तो रीतसर परवानगी काढून उडतो. 2021च्या सीझनमध्ये ड्रोनमधून थेट चित्रण करायला क्रिकेट बोर्डालासुद्धा केंद्राकडून सशर्त सूट घ्यावी लागली होती. बोर्डाला सुटत नाही, तर आपण कोण?

आणि परवानगीशिवाय केलेल्या डोकावण्याची किंमत विचारा कॅनडाला. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकआधी त्यांच्या महिला फुटबॉल संघाच्या स्टाफपैकी एकानं न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन फिरवला. फिफानं संघाचे सहा गुण कापले आणि प्रशिक्षकासह तिघांवर वर्षभराची बंदी घातली. खेळाडूंनी गटातले तिन्ही सामने जिंकले, तरी ते सहा गुण गेलेच.

आपल्याकडे ड्रोन नियम मोडले तर एक लाख रुपयांपर्यंत दंड. पोलिसांचा आदेश मोडला तर गुन्हा वेगळा. आणि केस चालू असली की पासपोर्टचं काम अडतं. ऑनसाइटची वाट बघणाऱ्या माझ्या मित्राचा चेहरा हे ऐकून कसा झाला असेल, विचार करा!

उडवण्याआधी एवढं कराच

* डिजिटल स्कायचा नकाशा त्याच दिवशी बघा, आदल्या आठवड्याचा चालणार नाही.
* शहरात पोलिसांचा बंदी आदेश आहे का, ते पोलीस स्टेशनला विचारा.
* मॅच, मॅरेथॉन, मिरवणूक... गर्दी दिसली की ड्रोन बॅगेतच.
* परदेशातून ‘गिफ्ट’ मागवू नका.

त्या संध्याकाळी मित्रानं बॅटरी काढली आणि आत्यांच्या सोफ्यावर बसून टीव्हीवर मॅच बघितली. विकेट पडली की खिडकीतून स्टेडियमचा आवाज आधी यायचा आणि टीव्हीवर ती नंतर दिसायची. ‘बघ,’ आत्या म्हणाल्या, ‘ड्रोनशिवायसुद्धा सगळ्यांच्या आधी कळतं की नाही!’