खलनायकाच्या मूर्तीचे मोल

पांढुर्णा आणि सौंसर या पट्ट्यातील माणसाला वस्तूची पारख मुद्दाम शिकवावी लागत नाही. बैलबाजारात आदत कोणता, दोनदाती कोणता आणि जुळलेला कोणता, हे तो बैलाचे तोंड उघडून सांगतो. संत्र्याची बाग उभ्या झाडांवर विकली जाते, तेव्हा फळ हातात तोलून आणि सालीचा पोत पाहून तो मनाशी हिशेब बांधतो. फळ मोठे असूनही हाताला हलके लागले, तर आत पोकळी आहे हे त्याला न कापता कळते. अशा या पारखी माणसांच्या घरांत अलीकडे एक अनोळखी वस्तू येऊ लागली आहे आणि तिच्यापुढे मात्र वडीलधारी मंडळी गोंधळून जाताना दिसतात. ही वस्तू म्हणजे चित्रपटातील खलनायकाची सुमारे एक फूट उंचीची, अंगावर खरे कपडे घातलेली, हातपाय वळणारी मूर्ती होय.

नागपूर, पुणे किंवा बंगलोर येथे नोकरीस असलेला मुलगा पहिल्या वर्षाच्या पगारातून ती मागवितो व सुटीत मोठ्या कौतुकाने घरी आणतो. तिची किंमत परदेशी बाजारात अडीचशे ते चारशे डॉलर असते. वाहतूक आणि आयातकर धरता आपल्याकडे ती पंचवीस हजार रुपयांच्या पुढे सहज जाते. किंमत ऐकून आजोबा म्हणतात, ‘एवढ्या पैशांत बाहुली?’ आणि नातू म्हणतो, ‘आजोबा, ही बाहुली नाही.’ बोलणे तेथेच खुंटते. आम्हाला वाटते, या वादात दोन्ही पक्ष केवळ किंमतच पाहत असतात. एक जण किंमत पाहून वस्तू नाकारतो, तर दुसरा किंमत पाहूनच तिला थोर मानतो. प्रत्यक्ष वस्तू उजेडात धरून पाहण्याचे काम तसेच राहून जाते. ते कसे करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘ही बाहुली नाही’ हे नातवाचे उत्तर तसे जुने आहे. अमेरिकेत १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा वळणाऱ्या सांध्यांचा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीने त्याला ‘अ‍ॅक्शन फिगर’ असे नवे नाव देण्यात आले. पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट गाजला. केनर कंपनीच्या मूर्ती त्या वर्षीच्या नाताळापर्यंत तयारच होऊ शकल्या नाहीत. म्हणून कंपनीने पुठ्ठ्याचे पाकीट आणि आत एक हमीपत्र एवढेच विकले व मूर्ती १९७८ साली घरपोच केल्या. लोकांनी ते रिकामे पाकीटही घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या देशात नव्वदच्या दशकात फनस्कूल कंपनीने काढलेले जी. आय. जो आज चाळिशीत आलेल्या पुष्कळांच्या बालपणी होतेच. आजच्या उंची मूर्ती मात्र मुलांच्या खेळासाठी नाहीत. २००० साली स्थापन झालेल्या हाँगकाँगच्या ‘हॉट टॉइज’सारख्या कंपन्या त्या प्रौढ संग्राहकांसाठीच घडवितात.

या मूर्तींचे प्रमाण बहुधा एकास सहा असते. म्हणजे सहा फुटी माणूस एक फुटाचा होतो. हे गणित मनात पक्के धरले की पारखीचे निम्मे काम होते. माणसाच्या दोन बुबुळांतील अंतर सुमारे सहा सेंटिमीटर. मूर्तीत ते एक सेंटिमीटरच उरते. तेथे रंगाऱ्याचा कुंचला एक मिलिमीटर सरकला, तर खऱ्या चेहऱ्यावर सहा मिलिमीटरांची चूक झाली असे समजावे. एवढी चूक माणसाला चकणा करण्यास पुरेशी आहे. म्हणून मूर्ती हाती आली की प्रथम डोळे पाहावेत. दोन्ही डोळे एकाच ठिकाणी पाहतात का? मान थोडी वळविल्यावर नजरही वळल्यासारखी वाटते का? खिडकीच्या उजेडात चेहरा एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने पाहावा. जाहिरातीतील छायाचित्र नमुन्याच्या मूर्तीचे असते; आपल्या पेटीत आलेली मूर्ती कारखान्यातील हजारोंपैकी एक असते, हे विसरू नये.

खलनायकाच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठीण होते. २००८ सालच्या ‘द डार्क नाइट’मधील जोकर घ्या. ही भूमिका करणाऱ्या हीथ लेजरला २००९ साली मरणोत्तर ऑस्कर मिळाले. त्याच्या तोंडावर विसकटलेला पांढरा रंग आहे, डोळ्यांभोवती काजळी आहे, ओठांच्या कडांना व्रण आहेत. मूर्तिकाराला येथे दोन थर दाखवायचे असतात: खाली माणसाची त्वचा आणि वर त्या माणसाने स्वतःच्या हाताने फासलेला रंग. साध्या मूर्तीत हे दोन्ही एक होऊन चेहरा चुन्याने सारवल्यासारखा दिसतो. उत्तम मूर्तीत कपाळाच्या सुरकुत्यांत रंग भेगाळलेला असतो आणि त्या भेगांतून कातडी डोकावते. पैसे कुठे गेले, याचे उत्तर अशा ठिकाणी शोधावे.

त्यानंतर वस्त्रे. माणूस सहापट लहान करता येतो, पण कापडाचा धागा सहापट बारीक करता येत नाही. आपल्या सदऱ्याचे कापड त्या मूर्तीला नेसविले, तर ते गोणपाटासारखे दिसेल. म्हणून कापड अतिशय तलम हवे, टाके बारीक हवेत, आणि शिवण उलट्या बाजूने फुगता कामा नये. शिवाय एवढ्याशा कापडाला स्वतःचे वजन नसते, त्यामुळे ते खाली पडत नाही, अंगापासून दूर उभे राहते. जाणते कारागीर कोटाच्या वा झग्याच्या काठात बारीक तार घालतात, म्हणजे घडी हवी तशी बसविता येते. घरातल्या ज्या आजीने आयुष्यभर शिवणयंत्र चालविले, तिला ही मूर्ती पाच मिनिटे पाहू द्यावी. शिवणीतली खोट नातवाच्या आधी तिलाच दिसेल.

तिसरी गोष्ट सांध्यांची. चांगल्या मूर्तीला तीसच्या आसपास वळणारे सांधे असतात. परंतु सांधे किती, यापेक्षा ती कशी उभी राहते हे महत्त्वाचे. खलनायक कपड्यांपेक्षाही त्याच्या उभे राहण्यावरून ओळखू येतो. १९७५ सालच्या ‘शोले’तील अमजद खानचा गब्बर खडकांवरून फिरताना कसा पट्टा ओढत चालतो, हे आठवावे. त्याच वर्षीच्या ‘सामना’तील निळू फुले यांचा हिंदुराव आठवावा, त्याच्यापाशी टोपी-धोतराखेरीज दुसरा वेष नाही, सारी जरब नजरेत आणि आवाजात आहे. मूर्तिकाराची खरी परीक्षा अशाच खलनायकापुढे होईल. शिरस्त्राण आणि झगा असलेला खलनायक त्या मानाने सोपा.

येथे मराठी वाचकाला एक घरचे उदाहरण देता येते, आणि ते आम्हाला परदेशी उदाहरणांहून मोलाचे वाटते. १९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ पडद्यावर आला. त्यातील तात्या विंचू हा गुंड मंत्राच्या बळावर आपला जीव एका बाहुल्यात घालतो, आणि तेथून पुढे तो बाहुलाच चित्रपटाचा खलनायक होतो. कल्पनेचे मूळ १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटातले. पण तात्याचे रूप, बोलणे आणि मिजास अस्सल मराठी. बाहुला घडविला आणि चालविला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी, वडील य. के. पाध्ये यांच्या ‘अर्धवटराव’ या बोलक्या बाहुल्याचा वारसा त्यांच्यापाशी होताच. तात्याला आवाज दिला दिलीप प्रभावळकर यांनी. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासमोर तो बाहुला उभा राहिला, तेव्हा प्रेक्षक हसले आणि लहान मुले आईच्या पदराआड गेली. २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला तेव्हा लोक वाट पाहत होते ती त्या बाहुल्याचीच.

या उदाहरणातून पारखीचा एक धडा मिळतो. तात्या विंचूचा बाहुला सजीव माणसाच्या चेहऱ्याची हुबेहूब नक्कल नव्हता. त्याचे डोळे मोठे होते, जबडा उघडझाप करणारा होता, आणि तो बाहुला आहे हे कोणापासून लपविलेले नव्हते. तरीही तो पाहणाऱ्याला जिवंत वाटला. हुबेहूबपणा हा एक गुण आहे. जिवंतपणा हा दुसरा, आणि तो किमतीबरोबर आपोआप येत नाही. पंचवीस हजारांची मूर्ती प्रत्येक सुरकुतीत बरोबर असूनही निर्जीव असू शकते. मूर्ती कपाटात ठेवून आठ दिवसांनी खोलीत शिरताना नजर तिच्याकडे आपण होऊन जाते का, हे पाहावे. जात असेल, तर मुलाने चूक केलेली नाही.

आता टिकाऊपणाचा प्रश्न. आणि येथे आमच्या भागातील हवामानाचा विचार केलाच पाहिजे. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, आणि मृग लागताच भिंतींना ओल येते. या मूर्तींचे मऊ भाग ज्या प्लॅस्टिकचे असतात, त्यात मऊपणासाठी मिसळलेले द्रव्य उष्णतेने हळूहळू पृष्ठभागावर येते आणि मूर्ती चिकट लागू लागते. नकली कातड्याचे कोट व बूट हे त्याहून नाजूक. त्यांवरील थर दमट हवेत विघटित होतो आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. उन्हात ठेवलेले पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते. म्हणून ज्या मूर्तीचा सारा डौल नकली कातड्याच्या कोटावर अवलंबून आहे, ती घेताना दहा वर्षांनंतरचा कोट डोळ्यांपुढे आणावा. मूर्ती उन्हापासून दूर, काचेच्या कपाटात पण हवा खेळेल अशी ठेवावी, आणि हात-गुडघे फार काळ दुमडून ठेवू नयेत.

‘ही तर गुंतवणूक आहे’ असे तरुण मंडळी म्हणतात, त्याचेही उत्तर यातच आहे. काही मूर्तींचे भाव पुढे वाढतात हे खरे. परंतु तीच कंपनी दोन-चार वर्षांनी त्याच खलनायकाची सुधारलेली आवृत्ती काढते आणि जुनीचा भाव उतरतो. शिवाय बाजारात नकली मूर्ती पुष्कळ आहेत. पेटीवरील छपाई अस्पष्ट असणे, सांधे सैल असणे, उग्र वास येणे आणि किंमत नवलाने कमी असणे ही त्यांची लक्षणे. खेळण्यांवरील आयातकर २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेला होता, हे ध्यानी घेता, फार स्वस्तात दारी आलेल्या ‘परदेशी’ मूर्तीकडे संशयानेच पाहावे. आवडते म्हणून घ्यावी. पैसा वाढावा म्हणून घेऊ नये.

राहिला तो वडीलधाऱ्यांचा खोल आक्षेप: दुष्टाची मूर्ती घरात कशाला? या आक्षेपाची चेष्टा करू नये. परंतु दुष्टाची मूर्ती घडविण्यात आपला प्रदेश कधीच मागे नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, आणि त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या मिरवणुकीत बांबू, कागद आणि कापड यांची ती अजस्र स्त्रीमूर्ती पूतनेचे रूप म्हणून फिरते. मागोमाग बडगे येतात, ते त्या त्या वर्षीच्या महागाईचे, भ्रष्टाचाराचे पुतळे. रोगराई आणि ईडापीडा घेऊन जाण्याची हाक देत लोक त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. म्हणजे दुष्टाला रूप द्यायचे, त्याचे कसब पाहायचे आणि मग त्याला निरोप द्यायचा, ही रीत आपल्याला ठाऊक आहे. नव्या पिढीने निरोपाचा भाग गाळला आणि मूर्ती ठेवून घेतली, एवढाच फरक. तो फरक लहान नाही. पण घरात बसून बोलावा असा आहे, कपाटाला कुलूप लावावे असा नाही.

आणि शेवटी तान्ह्या पोळ्याविषयी. याच दिवशी लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा घेतात. हे बैल गावचा सुतार घडवितो. वर सांगितलेल्या साऱ्या कसोट्या त्याला लावून पाहाव्यात. चारही पाय भुईला सारखे टेकतात का? वशिंड आणि मान यांची रेषा खरी आहे का? शिंगांचा बाक दोन्हीकडे जुळतो का? डोळे एकाच दिशेला पाहतात का? लाकडाचा रेषा पायात उभा धरला आहे की आडवा? आडवा असेल तर पाय मोडणार. उत्तम सागाचा बैल तीन पिढ्या टिकतो. त्याचे कातडे सुटत नाही, तो चिकटही होत नाही. आणि तरीही सुताराशी आपण शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो, व तान्ह्या पोळ्याच्या स्पर्धेत बक्षीस पुष्कळदा बैलाच्या घडणीला न मिळता त्याच्यावरील झुलीला आणि दिव्यांच्या माळेला मिळते.

म्हणून आमची सूचना अशी. ज्या घरात अशी मूर्ती आली असेल, तेथे येत्या पोळ्याला नातवाने आपला खलनायक आणि आजोबांनी आपला जुना लाकडी बैल एकाच उजेडात, एकाच पाटावर मांडावा. आजोबांनी कोटाची शिवण पाहावी, नातवाने बैलाची मान पाहावी. कोणाचे मोल अधिक, हा निकाल लावण्याची घाई नको. पण ज्याच्या डोळ्याला एका मूर्तीतील कसब दिसले, त्याला दुसरीतलेही दिसेल. तसे झाले तर पुढच्या वर्षी सुताराला त्याच्या कामाचा दाम सांगताना मान खाली घालावी लागणार नाही. आणि पंचवीस हजारांचा तो खलनायकही घरात अगदीच फुकट आला, असे कोणी म्हणणार नाही.