गाडीला घरीच मॅट ब्लॅक? आधी हे ऐका!

सोसायटीच्या पार्किंगमध्येच गाडी मॅट ब्लॅक करायचा विचार चाललाय? मग एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मॅट रंगातली चूक पॉलिशने जात नाही. घासलं की तेवढाच भाग चमकतो आणि डाग उठून दिसतो. म्हणून खरी मेहनत रंगाच्या आधीची.

गाडी धुवा, तेलकटपणा काढा, ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा. पत्रा उघडा पडला तिथे प्रायमर मारा, सुकला की ६००ने हलकं घासा. काचा, रबर, दिवे झाका. मग स्प्रे वीतभर लांब धरून दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये १०-१५ मिनिटं थांबा. जागा हवेशीर हवी, तोंडावर फिल्टरवाला मास्क हवाच. पावसाळ्यात नकोच, दमट हवेत रंग पांढुरका पडतो.

आणि हो, आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी घ्या. एमएच ०२ असेल तर अंधेरी, एमएच ४७ तर बोरिवली, मुलुंड-घाटकोपरची एमएच ०३ असेल तर वडाळा. विमा कंपनीलाही कळवा.

पहिला हात भंगारातल्या पत्र्यावर मारून बघा. जमलं, तरच बोनेट!