वारशाने येणारा कर्करोग : निर्णय कोणाचा?

पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६६ साली आपल्या पत्नीच्या माहेरच्या घराण्याची वंशावळ नोंदवून ठेवली. त्या घराण्यात पिढ्यानुपिढ्या अनेक स्त्रिया स्तनांच्या कर्करोगाने दगावल्या होत्या. कर्करोगाकडे असणारा कल रक्तातून उतरू शकतो, ही शंका निदान तेव्हापासूनची आहे. तिचा शास्त्रीय पुरावा हाती येण्यास मात्र सव्वाशे वर्षे लागली. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली सतराव्या गुणसूत्रावरील त्याचे स्थान दाखवून दिले. १९९४ मध्ये ‘बीआरसीए-१’ हे जनुक हाती आले व पुढच्याच वर्षी ‘बीआरसीए-२’. त्यावर एका अमेरिकन कंपनीने एकस्व मिळवून चाचणीची मक्तेदारीही प्रस्थापित केली. निसर्गात आहे त्या स्वरूपातील जनुकावर कोणाचेही एकस्व असू शकत नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जूनमध्ये दिला, तेव्हा कोठे ती मोडली.

येथवर प्रश्न विज्ञानाचा आणि व्यापाराचा होता. यापुढचा प्रश्न घरातला आहे, आणि तो अधिक बिकट आहे.

स्तनांचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी पाच ते दहाजणींच्याच बाबतीत तो वारशाने आलेला असतो. तेव्हा प्रत्येकीने चाचणीसाठी धाव घ्यावी, असे मुळीच नाही. परंतु ज्या स्त्रीच्या ‘बीआरसीए-१’ या जनुकात दोष आढळतो, तिला वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शेकडा ७२ च्या आसपास व अंडाशयाचा शेकडा ४४ च्या आसपास असतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने दाखविले. दुसऱ्या जनुकाच्या बाबतीत हेच आकडे ६९ व १७ असे आहेत. आकडे भयंकर आहेत, पण ती भविष्यवाणी नव्हे. शंभरातल्या ज्या अठ्ठावीसजणींना हा रोग होणारच नाही, त्या कोणत्या, हे सांगणारी चाचणी नाही.

म्हणजे निरोगी शरीरावर शस्त्र चालवावयाचे की वाट पाहावयाची, हे त्या स्त्रीनेच ठरवावयाचे. अँजेलिना जोली या अभिनेत्रीची आई छप्पन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेली. तिने स्वतः २०१३ साली दोन्ही स्तनांवर व २०१५ साली अंडाशयांवर शस्त्रक्रिया करवून घेतली आणि दोन्ही वेळा ते जाहीरपणे लिहिले. त्या लिखाणाने चाचण्यांची मागणी देशोदेशी वाढली. तिचे धैर्य मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे : स्तनांच्या बाबतीत दुसरा मार्ग शिल्लक असतो. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय व तिशीनंतर त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, असे सावधपणे राहता येते. ही देखरेख रोग टाळीत नाही, तो लवकर पकडते, एवढेच. अंडाशयाच्या बाबतीत मात्र खात्रीची देखरेख आजही उपलब्ध नाही. म्हणूनच पहिल्या जनुकात दोष असल्यास, मुले झाल्यावर, पस्तीस ते चाळीस या वयात अंडाशये व बीजवाहिन्या काढून टाकाव्यात, असा सल्ला डॉक्टर देतात. दुसऱ्या जनुकासाठी काही वर्षे अधिक थांबता येते. त्याची किंमत म्हणजे अकाली रजोनिवृत्ती, आणि तिच्यामागून येणारी हाडांची व हृदयाची दुखणी.

आपल्याकडे या वर्षांच्या हिशोबात आणखी एक गोष्ट येऊन बसते, ती म्हणजे लग्न. पंचवीस वर्षांच्या मुलीने चाचणी करून घ्यावी, तर ‘स्थळांना काय सांगायचे?’ हा प्रश्न अहवालाआधीच घरात उभा राहतो. छत्तीस गुणांची पत्रिका जुळविण्यात आठवडे घालविणारा समाज मामीच्या वा मावशीच्या दुखण्याविषयी मात्र शब्दही काढीत नाही. मावशी ‘पोटाच्या आजाराने’ गेली, एवढीच आठवण पुढल्या पिढीला मिळते. तो पोटाचा आजार अंडाशयाचा कर्करोग होता की काय, हे विचारावयास कोणी धजत नाही. त्यात आणखी एक गैरसमज असा की, बायकांचा रोग बायकांकडूनच यावयाचा. वास्तविक हा दोष बापाकडूनही तितक्याच सहजतेने येतो. प्रत्येक अपत्याच्या वाट्याला तो येण्याचा संभव निम्मा. आत्येच्या मृत्यूची चौकशी म्हणूनच मावशीच्या मृत्यूइतकीच महत्त्वाची. पुरुषही यातून सुटत नाहीत. ‘बीआरसीए-२’ च्या दोषाने त्यांना प्रॉस्टेटचा, क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो.

कायद्याची साथ कितपत आहे? अमेरिकेने २००८ साली आरोग्यविमा कंपन्यांना व मालकांना जनुकीय माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास बंदी केली; आयुर्विमा तिच्यातून सुटला तो सुटलाच. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. सरसकट ‘जनुकीय विकार’ वगळणारे विम्यातील कलम भेदभावाचे आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत म्हटले आणि पुढच्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तसे कलम घालू नये असे कळविले. तेवढ्यावर विसंबून मुलीने मोकळेपणाने चाचणीस जावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. संसदेने याबाबतीत विलंब लावण्याचे कारण दिसत नाही.

घरच्यांनी मात्र कायद्याची वाट पाहू नये. निर्णय सज्ञान मुलीचा आहे, न जाणण्याचा हक्कही तिचाच आहे. पण मुळात जाणण्याजोगे काही आहे, हेच तिच्यापासून लपविण्याचा हक्क आईबापांना नाही. चाचणीचा क्रमही ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम तपासावयाची असते ती आजारी व्यक्ती. तिच्यात नेमका कोणता दोष आहे हे कळले, की निरोगी बहिणींना व मुलींना तेवढाच तपासून स्पष्ट उत्तर मिळते. नाही तर संदिग्ध अहवाल पदरी पडतो, आणि भारतीयांच्या जनुकांची नोंद जगाच्या कोठारात तुटपुंजी असल्याने आपल्याकडे तो अधिकदा पडतो. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा सल्ल्याची सोय आहे. जिल्ह्याच्या गावी ती क्वचितच आढळते. तोवर खाटेवरची ती आई किंवा मावशी जिवंत असताना तिच्या रक्ताची एक नळी वेळेवर घेतली जाते की नाही, यावर मागे राहणाऱ्या चार-पाचजणींचे पुष्कळसे अवलंबून राहते.