जिंकूनही हरलेले भोपाळ

१३ मे २००४ रोजी लोकसभेचे निकाल लागले, तेव्हा भोपाळच्या मतदारावर गुदरलेला प्रसंग आम्ही अद्याप विसरलेलो नाही. त्याने निवडलेले कैलास जोशी मोठ्या मताधिक्याने विजयी झाले, मध्य प्रदेशातील २९ पैकी २५ जागा भाजपने जिंकल्या. आणि त्याच सायंकाळी अटलबिहारी वाजपेयींनी राजीनामा दिला. वाजंत्री वाजावी आणि वरात परत फिरावी, तशातलाच हा प्रकार!

निराशा स्वाभाविक होती. 'देशाने आमचा घात केला' हा सूर मात्र आम्हांस तेव्हाही पटला नव्हता. मुदतीपूर्वी निवडणूक घेण्याचा मोह सत्ताधाऱ्यांना पडला, तो डिसेंबर २००३ मधील मध्य प्रदेश, राजस्थान व छत्तीसगड येथील विजयांमुळेच. वीज नाही, रस्ते नाहीत, म्हणून येथील जनतेने दिग्विजय सिंहांचे दहा वर्षांचे सरकार घालविले. तशाच हलाखीने गांजलेला आंध्रचा शेतकरी चंद्राबाबूंवर उलटेल, हे भोपाळात बसून कोणास सुचावे? तामिळनाडूत तर ३९ पैकी एकही जागा आघाडीस मिळाली नाही. तख्त हलले ते दक्षिणेत.

कोकणातील वाचकांस हे परके नाही. रत्नागिरी आणि राजापूर युतीने राखले. परंतु मुंबईत मनोहर जोशी व राम नाईक पडले, तेव्हा चाकरमान्यांच्या चाळींतून हीच हळहळ ऐकू येत होती. चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन इंदूरहून पुन्हा निवडून गेल्या, त्याही विरोधी बाकांवर बसण्यासाठी.